साडूंच्या छातीचा फोटो

आमच्या साडूंच्या छातीएवढी छाती पोलादपूर तालुक्यात दुसरी नव्हती. महाड तालुक्यात कुणाची असली तर असंल, पण ती मला कधी ऐकू आलेली नाय. छाती काय ऐकू येते का, असं तुम्ही म्हणाल. साडूंची यायची. त्यांची बायको नि माझी बायको सख्ख्या बहिणी, थोरली त्यांना दिली, धाकटी मला. आणि सासऱ्यानं काय विचार केला देव जाणे, एक पोरगी दरीच्या त्या अंगाला दिली, दुसरी या अंगाला. मधी नदी. सरळ बघितलं तर त्यांच्या दारातली कोंबडी मला दिसते, पण जायचं म्हणजे खाली उतरा, साकवावरनं पलीकडं व्हा, परत डोंगर चढा, तोवर त्या कोंबडीचं कालवण होऊन संपलेलं असतं. म्हणून साडू यायच्या भानगडीत पडत नसत. घरामागच्या धोंडीवर उभे राहायचे, धोतराचा सोगा सावरायचे नि हाक द्यायचे, "पावनंऽऽऽ". ती हाक आमच्या कौलांवरनं जायची, मागच्या डोंगराला थडकायची नि परत येऊन मला पाठीमागनं लागायची. एका निरोपाला मी दोनदा दचकायचो.

त्या हाकेत एकच खोट होती, ती माझ्या एकट्यापुरती येत नसे. एकदा मला मूळव्याधीचा त्रास झाला. असली गोष्ट माणूस कुणाला सांगतो? मी साडूंच्या कानात सांगितलं, बाजाराला पोलादपूरला जाल तेव्हा तेवढं औषध आणा, नि बोलू नका कुठं. ते म्हणाले, "पावनं, मी काय येडा हाय का?" दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना धोंडीवरनं हाक आली. "पावनंऽऽ, मूळव्याधीचं औषध आणलंयऽऽ. सकाळ-संध्याकाळ लावायचंऽऽ. तिखट बंदऽऽ." शेतात ज्यांना नीट ऐकू आलं नाय त्यांच्यासाठी डोंगरानं ते पुन्हा सांगितलं. पुढं कितीतरी दिवस मला कुणी 'बसा' म्हटलं नाय. मी दारात गेलो की घरातली माणसंच उठून उभी राहायची.

मोबाईल त्यांच्या खिशात असायचा, पण तो फक्त वेळ बघायला. कुणाला फोन लावलाच तर तोही हाक मारल्यासारखा, म्हणजे मुंबईतला माणूस फोन कानापासनं हातभर लांब धरायचा. मी म्हणायचो, साडू, एवढं वरडायला लागतं तर फोन कशाला? ते म्हणायचे, "फोनला रेंज नाय, मला हाय."

आणि या छातीचा त्यांच्याकडं पुरावा होता. तरणे असताना महाडच्या एका दोस्ताच्या नादानं ते आखाती देशात नोकरीला जायला निघाले होते. तिकडं जायचं तर आधी मुंबईत तब्येत तपासतात, छातीचा फोटो काढतात. काढणाऱ्यानं सांगितलं, श्वास घ्या, रोखून धरा. साडूंनी धरला. त्याचं काम झालं, तो पुढच्या माणसाला बोलवायला बाहेर गेला, परत आला तर साडू अजून छाती फुगवून तिथंच. म्हणाले, "सोड म्हनला नाय तू." शिवाय त्यांची फुप्फुसं फिल्मवर मावली नायत, खालचा काठ तुटला, नि दुसरी फिल्म आडवी घालून परत फोटो घ्यावा लागला. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडनं इतक्या वेळा ऐकली की आता मलाच वाटतं, मी तिथं होतो. तपासणीत ते पास झाले. पण जायच्या आधी त्यांनी एजंटाला विचारलं, तिकडं घरासमोर काय असतं? तो म्हणाला, समोर काय, सगळी वाळू. डोंगर? डोंगर नाय. साडू म्हणाले, "मग हाक परत कशी यायची?" आणि तिकीट होतं तिथंच ठेवून गावी आले. कमाई काय आणली तर तो फोटो.

तो त्यांनी पुढच्या खोलीत खिडकीला लावला, देवाच्या शेजारी. सकाळचं ऊन आलं की बरगड्या उजळायच्या नि फुप्फुसं काळीभोर दिसायची. पाहुणा आला की आधी पाणी, मग फोटो, मग चहा. "ह्यो बघा भाता," म्हणायचे, "लोहाराकडंबी असा नसंल." एका वर्षी सूर्याला ग्रहण लागलं तेव्हा त्यांनी तो उतरवला, नि अख्ख्या वाडीनं आळीपाळीनं साडूंच्या छातीतनं सूर्य बघितला. आक्का, म्हणजे त्यांची मंडळी, मला म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं मी या छातीत डोकावते, मला काय दिसला नाय कुठला सूर्य."

त्यांचा फोटोवर एवढा भरोसा की वाडीत कुणी दोनदा खोकलं की ते त्याला महाडला घेऊन जायचे. मलाही नेलं. मी आयुष्यात फोटो काढला तो लग्नात, त्यामुळं मला वाटलं फोटो म्हणजे फोटो. दाढी केली, लग्नातला सदरा घातला, नि त्या माणसानं हलू नका म्हटल्यावर चांगला हसलो. तो म्हणाला, "काका, तोंड येत नाही यात." सदरा काढायला लावला, पण बनियनला लावलेली पिन राहून गेली. फोटोत माझ्या फुप्फुसात ही एवढी पिन. मी तो धरून घरी आलो, बायकोला म्हटलं, तुझ्या भाकरीतनं माझ्या पोटात पिन गेली, आता मी काय जगत नाय. तिनं फोटो बघितला, माझं बनियन वर केलं, पिन काढली नि स्वतःच्या पदराला लावली. म्हणाली, "झालं ऑपरेशन." ही बातमी दरीपलीकडं कशी गेली मला ठाऊक नाय, पण दुसऱ्या दिवशी डोंगर मला विचारत होता, पावनं, पिन पचली काऽऽ.

मग ते कोरोनाचं आलं. मुंबईची माणसं गावाला आली, शाळेत राहिली, वाड्यांच्या तोंडाला बांबू आडवे पडले. कुणी कुणाकडं जायचं नाय. तेव्हा सगळे गप्प बसले, नि साडूंचे खरे दिवस आले. या वाडीचा निरोप त्या वाडीला, त्या वाडीचा तिसरीला, सगळं धोंडीवरनं. घरोघर तपासत फिरणाऱ्या आशाताई त्यांना सांगायच्या नि ते दरीला सांगायचे, तोंडाला फडकं बांधाऽऽ, गरम पाणी प्याऽऽ. स्वतः फडकं बांधायचे नायत, म्हणायचे, फडक्यानं हाक अडते.

दुसऱ्या वर्षीची लाट आली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी हाक आली, "पावनंऽ", नि पुढं निरोप यायच्या ऐवजी खोकला आला. ते खोकायचे थांबले. मग डोंगरानं तो खोकला परत दिला. असा आवाज त्या दरीत पूर्वी कधी झाला नव्हता, झाडावरचे बगळे उठले. दुसऱ्या दिवशी हाकच आली नाय. बायको म्हणाली, "अवो, दाजींची हाक नाय आज." मी म्हटलं, घसा बसला असंल, बरंय, जरा शांतता. नि खरं सांगतो, त्या दिवशी मी दुपारचा छान झोपलो.

संध्याकाळी आक्कानं निरोप धाडला तेव्हा गेलो. साडू भिंतीला टेकून बसलेले. आडवं पडलं की दम लागत होता. आशाताईंनी बोटाला ते छोटं मशीन लावलं, आकडा बघितला नि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "यांना महाडला न्या. छातीचं स्कॅन करायला पाहिजे. उद्यावर टाकू नका." साडूंनी खिडकीकडं बोट केलं. "स्कॅन कशाला, माझा फोटो हाय की." आशाताई म्हणाल्या, तो जुना आहे. ते म्हणाले, "जुना कसा? मी काय दुसरा झालो का?" बोलताना मधी मधी थांबत होते. महाडला गेलेला माणूस परत येत नाय, असं तेव्हा सगळी दरी बोलत होती, नि त्या भीतीला ते भीती म्हणत नव्हते, फोटो म्हणत होते. रात्रभर ऐकले नायत. सकाळी मला म्हणाले, "पावनं, तुमी फोटो घेऊन जा. डॉक्टरला दाखवा. तो बघंल, काय गोळ्या द्यायच्या त्या दील. मी कशाला यायला पायजे?"

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पण तिथं शहाणा माणूस नव्हता, मी होतो. मला ते पटलं. डॉक्टरला छातीच बघायची ना, मग छाती घेऊन जातो की. मी फिल्म खिडकीवरनं उतरवली, गोधडीत गुंडाळली, मोटारसायकलवर पोटाशी बांधली नि निघालो. पोलादपूरला नाक्यावर पोलिसानं अडवलं. त्यानं फिल्म वर धरून उन्हात बघितली, उलटी धरून बघितली, नि म्हणाला, "जा." मला वाटलं, एकानं तर पास केली.

महाडच्या दवाखान्याबाहेर ही गर्दी. प्रत्येकाच्या हातात मोठं पाकीट, कुणी कुणाच्या जवळ उभं राहात नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. माझा नंबर आला तेव्हा समोर प्लास्टिकच्या कपड्यात कुणीतरी. आत बाई हाय की बाप्या, मला आवाज आल्यावर कळलं, डॉक्टरबाई होत्या. त्यांनी फिल्म उजेडाला धरली. म्हणाल्या, "कुणाचा?"

"साडूंचा."

"फुप्फुसं छान आहेत." मी तेवढ्यावरच वळलो. आक्काला कधी सांगतो असं मला झालेलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा." कोपऱ्यातली बारीक तारीख बघत होत्या. "हा किती जुना आहे? पेशंट कुठे आहे?"

"पेशंट घरी हाय. जुना असला तरी माणूस तोच हाय, बाई."

त्या रागावल्या नायत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "माणूस तोच आहे हो. पण आज आत काय चाललंय ते यात कसं दिसेल? त्यांना घेऊन या. आत्ता."

परत येताना मी गाडी कशी चालवली मला आठवत नाय. एकच आठवतं, साडूंना उठवायचं कसं. आशाताई थकल्या, आक्का रडून झाली, माझं कोण ऐकणार? घरात गेलो, फिल्म त्यांच्या पुढ्यात टाकली नि म्हटलं, "साडू, घात झाला. डॉक्टरबाई म्हणतात, एवढी छाती माणसाला असूच शकत नाय. हा फोटो कुणाचातरी उचलून आणलाय."

साडूंनी डोळे उघडले. "माझा नाय म्हन्ली?"

"म्हशीचा असंल म्हन्ली."

साडू भिंत धरून उभे राहिले. "सदरा दे गो," आक्काला म्हणाले. "आन तुमी पावनं, गप ऐकून घेतलंत? येऊ दे मला, दाखवतो." खुर्चीला बांबू बांधले, वाडीतली चार माणसं तोंडं बांधून आली, नि साडूंना खाली रस्त्यावर आणलं. जीपमधी ते एकच वाक्य दोन-दोन शब्दांत पुरं करत होते. म्हशीचा. म्हन्ली. म्हशीचा.

महाडला ते मशीन म्हणजे मोठं भोक असलेली पेटी. माणूस आडवा सरकतो आत, नि मशीनच हिंदीत सांगतं, साँस लो, रोक के रखो. मला काचेबाहेर उभं केलं होतं. साडू आत गेले. मशीन म्हणालं, रोक के रखो. साडूंनी छाती भरायला घेतली नि ती भरली नाय. खोकला आला. काचेआतला माणूस म्हणाला, "काका, परत एकदा." परत तेच. ज्या माणसानं कुणी सोड म्हटलं नाय म्हणून श्वास सोडला नव्हता, त्याला आता धर म्हणत होते नि धरता येत नव्हता. तिसऱ्यांदा त्या माणसानंच सांगितलं, "राहू द्या काका, जमेल तेवढंच." साडूंनी मान वळवून काचेतनं माझ्याकडं बघितलं. मी नेहमीसारखा हसायला गेलो. तोंड बांधलेलं होतं म्हणून त्यांना दिसलं नाय, ते बरं झालं.

डॉक्टरबाईंनी मला कंप्युटरवर दाखवलं. खिडकीतल्या फोटोत जिथं काळंभोर होतं तिथं आता पांढरं पांढरं, आंबेनळी घाटात पावसात धुकं चढतं नि पुढची गाडी दिसत नाय, तसं. दोन्ही बाजूंनी. त्या म्हणाल्या, पंचवीसपैकी अठरा. मी शाळेत कधी नापासच्या वर गेलो नाय, मी म्हटलं, "म्हंजी चांगलेच पडले की." त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मग हळू सांगितलं, यात जेवढे कमी तेवढे चांगले. मी म्हटलं, मग बाई, ही परीक्षा मला द्यायला पायजे होती.

साडू वाचले. बरेच दिवस नळी नाकाला होती, आक्का फाटकाबाहेर बसून राहायची, नि मी तिला येताजाता डबा द्यायचो. घरी आले तेव्हा अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटत होता. मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं, तो जो दिवस माझ्या शहाणपणात गेला, तो गेला नसता तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." सांगता येत असतं तर त्यांनी सांगितलं असतं, एवढं मला कळतं. साडूंनी मात्र ते कधी काढलं नाय. ते म्हशीवरनंच अजून धरून हायत. पुन्हा तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी स्कॅन मागितलं, तर यांनी आधी पिशवीतनं खिडकीतला फोटो काढून दिला. म्हणाले, "हा म्हशीचा नाय, बाई." बाईंना काही कळलं नाय, मी मागनं हात जोडले. त्यांनी तो उजेडाला धरला, सावकाश बघितला, घाई केली नाय. म्हणाल्या, "नाही हो. माणसाचाच आहे. फार चांगला आहे." स्कॅनचं नवीन पाकीट साडूंनी स्वतः अजून उघडलेलं नाय. ते कपाटाच्या मागं असतं.

आता ते बोलतात, चालतात, अंगणापर्यंत भाताच्या पेंढ्या आणतात. पण आवाज शेजाऱ्यापुरता उरलाय. होळीला पहिली बोंब मारायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्या शिमग्याला सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत थांबले. साडूंनी हात तोंडाशी नेला, नि काय झालं कुणास ठाऊक, मानाचा नारळ उचलून पुतण्याच्या हातात दिला नि मागं सरकले. पुतण्यानं बोंब चांगली मारली. लोकांनी त्याच्यात बोंब मिळवली. मला मात्र ती होळी उगाच लवकर पेटल्यासारखी वाटली.

आमच्याकडं आता टॉवर झालाय, फोन लागतो. साडू फोन करतात. त्यांचा आवाज येतो, पण तो कुणाचाही असावा असा येतो, नि मग आम्ही दोघंही पावसापाण्याचं बोलून ठेवून देतो. मूळव्याधीबद्दल ते आता अगदी हळू विचारतात, शेजारच्याला कळणार नाय असं. एवढी वर्षं मला तेच तर पायजे होतं.

मागच्या थंडीत एका सकाळी मी अंगणात दात घासत होतो, नि डोळ्यावर उजेड चमकला. गेला. परत चमकला. बघितलं तर समोर धोंडीवर साडू. हातात खिडकीतला फोटो, नि तो ते उन्हात असा हळू हळू कलता करत होते. काही निरोप नव्हता. चमकलं म्हणजे पावनं, एवढंच. मी ब्रश टाकला, दोन्ही हात तोंडाशी धरले नि जिवाच्या आकांतानं साडूऽऽ म्हणून ओरडलो. माझा आवाज मुळात शेळीचा. नदीपर्यंत गेला असंल नसंल. डोंगरानं तर मनावरच घेतला नाय. पण साडूंनी फोटो दोनदा हलवला.

तेव्हापासनं ऊन असलं की ते चमकवतात नि मी ओरडतो. पावसाळ्यात ऊन नसतं, दरी धुक्यानं भरलेली असते, त्यांचं घरच दिसत नाय. तरी सकाळी मी एकदा अंगणात जातो नि हाक मारतो. बायको आतनं म्हणते, "अवो, फोन लावा की." मी म्हणतो, लावतो. आणि आणखी जरा वेळ थांबतो, डोंगराकडं पाठ करून, मागनं काही लागतंय का बघत.